शेतात सशाची पिल्ले सापडली तर काय करावे

माण-खटावच्या शाळूत, तासगावकडच्या द्राक्षबागेच्या बांधावर किंवा कराडच्या उसाच्या फडात सशाचे पिल्लू एकटे बसलेले दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘आई टाकून गेली’ हाच, आणि बहुतेक वेळा पिल्लाचे हाल तिथूनच सुरू होतात. कोणी ते टोपीत घालून घरी आणतो, कोणी मुलांच्या हातात देतो, कोणी वाटीत गाईचे दूध घेऊन बसतो. वास्तविक त्या पिल्लाला त्या क्षणी कशाचीही गरज नसते. ते जिथे आहे तिथे, जसे आहे तसे, आईनेच ठेवलेले असते. हे कसे ओळखायचे, आणि कोयता, कुत्रा किंवा आग जवळ आलेली असताना काय करायचे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आपला ससा कोणता

मोबाइलवर याविषयी शोधले की जी माहिती समोर येते ती बहुतेक अमेरिकेतली किंवा युरोपातली असते. तिथल्या अंगणात, गवताच्या हिरवळीत उथळ खड्डा करून, त्यात वाळलेले गवत आणि स्वतःच्या पोटाचे केस अंथरून तिकडची मादी पिल्ले घालते. ती पिल्ले जन्मतः उघडी-बोडकी, डोळे मिटलेली आणि कान डोक्याला चिकटलेली असतात, आणि दोन-तीन आठवडे त्या घरट्यातच राहतात. त्या प्राण्यासाठी ती माहिती बरोबर आहे. परंतु तो प्राणी आपल्या रानात नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या माळावर, डोंगरउतारावर आणि पिकात जो दिसतो तो भारतीय ससा, ज्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. पळताना त्याच्या मानेमागचा काळा पट्टा स्पष्ट दिसतो. हा ससा बीळ खणत नाही, घरटेही बांधत नाही. गवताच्या बुडाशी किंवा ढेकळांच्या आडोशाला अंग दाबून केलेली एक खोलगट जागा, एवढेच त्याचे घर. पाठ्यपुस्तकातला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा लहानपणापासून मनात बसलेला असल्यामुळे मातीच्या रंगाचे हे पिल्लू अनेकांना प्रथमदर्शनी ससा वाटतच नाही, हाही अनुभव आहे.

उघड्यावर जन्म घ्यायचा म्हणून या पिल्लांची तयारी पोटातच होते. विदेशी सशाची मादी साधारण महिनाभरात विते, तर आपल्या सशाचा गर्भकाळ सहा आठवड्यांच्या पुढे जातो, आणि पिल्लू बाहेर येते तेच अंगभर केस, उघडे डोळे आणि थोड्याच वेळात चार पावले टाकण्याची ताकद घेऊन. एका वेताला पिल्लेही थोडी असतात, बहुधा एक किंवा दोन, क्वचित त्याहून अधिक. वीण वर्षभर चालू असते, पावसाळ्यात ती वाढते. त्यामुळे अमुक एका महिन्यातच पिल्ले सापडतील असे नाही. आपल्याला ती सुगीत आणि ऊसतोडीत अधिक दिसतात, कारण तेव्हाच आपण पिकाच्या पोटात शिरतो.

मी पाहिलेल्यांपैकी एक पिल्लू अजून डोळ्यांसमोर आहे. शाळूच्या दोन ओळींमध्ये, बैलाच्या खुराने पडलेल्या वाळक्या खळग्यात ते बसले होते. मुठीत मावेल एवढे, कान पाठीला चिकटवलेले, कपाळावर गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. दीड हातावर माझा विळा थांबला तरी ते हलले नाही. हलत होती ती फक्त नाकपुडी, आणि तीही लक्ष देऊन पाहिल्यावरच कळत होती. या निश्चलपणाला माणसे ‘मरायला टेकले आहे’ असे समजतात. ते मरायला टेकलेले नसते, ते लपलेले असते. पिल्लाच्या अंगाला वास फारसा नसतो आणि रंग मातीत मिसळून जातो, तेव्हा न हलणे हेच त्याचे एकमेव संरक्षण.

आई जवळ का नसते, याचे उत्तरही यातच आहे. मोठ्या सशाच्या अंगाला वास असतो, आणि कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, गावची कुत्री ही सगळी त्या वासावर माग काढतात. म्हणून मादी दिवसभर पिल्लांपासून दूर बसते आणि सशांच्या जातीत सामान्यतः दिवसातून एकदाच, सूर्य मावळून अंधार पडल्यावर, परत येते. पिल्ले त्या सुमारास जन्मजागेपाशी गोळा होतात, आई काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. दूध इतके दाट असते की एवढ्यावर पिल्लाचे चोवीस तास निघतात. दोन-तीन दिवसांचे झाल्यावर भावंडे एकमेकांपासूनही लांब जाऊन वेगवेगळ्या आडोशाला बसतात, त्यामुळे एकच पिल्लू सापडले म्हणजे बाकीची मेली असा अर्थ होत नाही. दुपारी बारा वाजता एकटे, गप्प आणि स्तब्ध बसलेले पिल्लू हे निरोगी पिल्लाचे लक्षण आहे, अनाथपणाचे नव्हे.

सापडल्याबरोबर

हात लावू नका. जिथे उभे आहात तिथूनच, वाकून, अंगावर जखम, रक्त किंवा माश्या आहेत का एवढे पाहा आणि आल्या वाटेने मागे या. बरोबर कुत्रा असेल तर त्याला आधी बांधा. पिल्लाला सर्वांत मोठा धोका कोल्ह्यापेक्षाही आपल्याच वस्तीवरच्या मोकाट कुत्र्याचा असतो. जागा ओळखता यावी म्हणून पिल्लाजवळ काठी किंवा फडके रोवण्याचा मोह होतो, पण तसे करू नका, कारण कावळा आणि घार अशा खुणा आपल्यापेक्षा लवकर हेरतात. खूण करायचीच असेल तर वीसेक पावलांवरच्या बांधावर, एखाद्या बाभळीला दोरी बांधून करा आणि तिथून दिशा लक्षात ठेवा.

फोटो काढणारच असाल तर दुरून एक काढा, आणि ठिकाणाच्या नावासह गावाच्या ग्रुपवर टाकू नका. वाघरी लावून ससे धरणारे अजूनही आपल्या भागात आहेत, आणि पिल्लू जिथे आहे तिथे मादी रात्री येणार, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

घरट्यावर दोरे आडवे टाकून सकाळी ते विस्कटले का हे पाहण्याची एक युक्ती सगळीकडे सांगितली जाते. घरटे करणाऱ्या विदेशी सशासाठी ती ठीक आहे, आपल्याकडे तिचा उपयोग नाही, कारण इथे घरटेच नसते आणि पिल्लू रात्रीतून जागा बदलते. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी दुरून एकदा पाहावे. पिल्लू तिथे नसेल किंवा दहा-बारा पावलांवर दुसऱ्या झुडपाखाली टवटवीत बसलेले असेल, तर काम झाले. संध्याकाळी बॅटरी घेऊन आई येते का हे पाहत बसू नये. आपण तिथे असेपर्यंत ती येणार नाही, आणि त्या दिवसाचे एकमेव पाजणे आपल्यामुळे हुकेल.

आता हाताच्या वासाविषयी. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे, आणि तिच्यामुळे उलटेच नुकसान होते, कारण चुकून उचललेले पिल्लू ‘आता आई घेणार नाही’ म्हणून घरी नेले जाते. मादी एवढ्यावरून पिल्लू सोडत नाही. मुलांनी सकाळी पिल्लू घरी आणले असेल तर दुपारी किंवा संध्याकाळी, दिवस मावळण्याच्या आत, ते जिथून आणले त्याच जागी ठेवून यावे. दुसऱ्या दिवशी नेले तरी प्रयत्न वाया जातोच असे नाही, पण एक पाजणे हुकलेले असते, म्हणून जितके लवकर तितके चांगले. जागा मात्र नेमकी हवी, आणि त्यासाठी ज्या मुलाने उचलले त्यालाच, न रागावता, बरोबर न्यावे. रागावले तर ते दुसऱ्याच बांधावर नेऊन उभे करते.

कोयता आणि यंत्र थांबवता येत नसेल तेव्हा

मागे सरा आणि सोडून द्या, हे सांगणे सोपे आहे. परंतु टोळी फडात उतरली आहे, मुकादम घाई करतो आहे, ट्रॅक्टर बांधाला लागला आहे आणि कारखान्याची तोड पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

पहिला मार्ग म्हणजे पिल्लाभोवतीचा तुकडा शेवटी ठेवणे. चार सऱ्यांची रुंदी आणि आठ-दहा पावले लांबी एवढा ऊस त्या दिवशी उभा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तोडला, तर मधल्या रात्रीत मादी येऊन जाते आणि सभोवार मोकळे झालेले पाहून बहुधा पिल्लेही लगतच्या पिकात सरकतात. टोळीला हे आधी सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे. मात्र वाढे गोळा करणाऱ्या बायकांनाही सांगावे लागते, कारण पाचट उपसून पिल्लापर्यंत पहिला हात बहुधा त्यांचाच जातो.

तेवढाही अवकाश नसेल तर पिल्लू हलवावे, पण थोडेच. हातात पाचट किंवा हिरवे गवत चुरगाळून घ्यावे, त्यासकट पिल्लाला दोन्ही ओंजळींत खालून उचलावे आणि दहा-वीस पावलांच्या आत, जिथे तोड होणार नाही अशा बांधाच्या सावलीच्या बाजूला, गवताच्या बुडाशी ठेवावे. कानाला किंवा मानगुटीला धरून उचलू नये. दोन पिल्ले असतील तर एकाच बाजूला, परंतु हातभर अंतराने ठेवावीत. हलवताना पिल्लू एकदम जोरात किंचाळते, लहान मुलासारखे, आणि माणूस दचकून ते टाकून देतो. असे होईल हे आधी माहीत असले की हात घट्ट राहतो. शंभर-दोनशे पावलांवरच्या ओढ्यात किंवा ‘सुरक्षित म्हणून’ थेट सागरेश्वरच्या जंगलात नेऊन सोडणे म्हणजे आईपासून तोडणेच.

तोडणी यंत्र लागणार असेल तर अडचण अधिक आहे, कारण चालकाला बुंध्याशी काय आहे ते दिसत नाही आणि पिल्लू पळत नाही. मोठे ससे आवाज ऐकून निघून जातात. पिल्ले आवाज ऐकून आणखी दबून बसतात. म्हणून यंत्र येण्याआधी एका माणसाने फडाच्या कडेकडेने, जिथे ऊस विरळ आहे आणि गवत माजले आहे तिथे, काठीने पाचट बाजूला करीत फिरावे. ससा दाट फडाच्या मध्यापेक्षा अशा कडेला जास्त असतो. त्याचबरोबर तोड रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूने सुरू करून शेजारच्या उभ्या पिकाकडे न्यावी, म्हणजे जे पळू शकते त्याला जायला आडोसा राहतो. चारी बाजूंनी तोडत मध्यावर आले की शेवटच्या चार सऱ्यांत सगळे कोंडले जाते आणि मग काठ्या घेऊन पोरे उभी राहतात. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको.

शाळू आणि हरभऱ्यात हे सारे सोपे असते. हरभरा घाटे गळू नयेत म्हणून पहाटेच्या दवात उपटतात, माणसे वाकलेली असतात आणि काम हाताने चालते, त्यामुळे पिल्लू वेळेवर दिसते. तिथे दोन वाफे सोडून पुढे जावे.

खरोखर मदत केव्हा लागते

अंगावर उघडी जखम आहे, पाय लोंबतो आहे, कुत्र्याने किंवा मांजराने तोंडात धरून आणले आहे, केसांत माश्यांची पांढरी अंडी किंवा मुंग्या लागल्या आहेत, पिल्लू कुशीवर आडवे पडले आहे, किंवा जवळच मादी मेलेली सापडली आहे, यांपैकी काहीही असेल तर ते सोडून येऊ नये. मांजराच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत पिकते, त्यामुळे ‘काही लागलेले दिसत नाही’ यावर विसंबू नये. डांबरी रस्त्यावर मादी मेलेली दिसली आणि तिच्या सडांना दूध असेल, तर पिल्ले जवळपासच्या रानात असण्याची शक्यता धरून त्या ठिकाणाची माहितीही वनखात्याला द्यावी.

अशा वेळी पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्याला बाजूने भोके पाडावीत, तळाशी जुने सुती फडके घालावे, पिल्लू आत ठेवून झाकण लावावे आणि खोका घरातल्या सर्वांत शांत आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. थंडीच्या दिवसांत पिल्लू गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा दूर सरकता येईल. एप्रिल-मे महिन्यात जत-आटपाडीकडे याच्या उलट काळजी, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये खोका न ठेवण्याची, घ्यावी लागते. वरचेवर झाकण उघडून पाहू नये. ससा भीतीनेच मरतो हे नुसते म्हणण्यापुरते नाही. पकडलेल्या वन्य प्राण्याचे शरीर ताणाने आतून कोलमडते आणि जखम नसतानाही तो दगावतो.

त्यानंतर वनखात्याच्या 1926 या मदत क्रमांकावर किंवा आपल्या भागाच्या वनरक्षकाला फोन करावा. फोनवर गाव, शिवाराचे नाव, सापडल्याची वेळ, पिल्ले किती, काय दुखापत आणि काही पाजले आहे का, एवढे नीट सांगितले की पुढच्या माणसाला तयारीने येता येते. उशीर होणार असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवता येते, पण वनखात्याला कळवून. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला ससा संरक्षित आहे. त्याला मारणे तर गुन्हा आहेच, परंतु पकडणे आणि पाळणे हेही त्यात येते, आणि असा प्राणी हाती आल्यास 48 तासांच्या आत कळवण्याचे बंधन त्या कायद्यात आहे. ‘वाचवायलाच आणला होता’ हे म्हणणे वेळेवर फोन केलेल्याच्या तोंडी शोभते.

खाऊ-पिऊ घालण्याविषयी एकच सांगणे आहे: घालू नका. वीसेक वर्षांपूर्वी शाळू काढताना सापडलेले एक पिल्लू मी स्वतः घरी आणले होते. आईने कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले, पहिल्या दिवशी ते चाटूनपुसून प्याले, आणि घरात सगळ्यांना वाटले की जगले. दुसऱ्या दिवशी पोट टम्म फुगले, शेपटीखाली ढाळ लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात ते ताठ झालेले होते. पुढे पशुवैद्यकाकडून कळले ते असे, की गाईच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के असतो आणि सशाच्या दुधात त्याच्या कितीतरी पट. शिवाय गाईच्या दुधातली साखर त्याच्या आतड्याला पेलत नाही. ड्रॉपरने पाजताना थेंब श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात दोष होतो तो वेगळाच. जे पिल्लू मी उचलले नसते तर त्या रात्री आईचे दूध प्याले असते, ते असे गेले. पाणी, ग्लुकोज, भाताची पेज, कोथिंबीर यांपैकी काहीच देऊ नये. वनखात्याचा माणूस येईपर्यंत ऊब, अंधार आणि शांतता पुरेशी आहे.

सशासारखे दिसणारे, पण ससा नसलेले

बिळात किंवा पाचटाच्या ढिगाखाली उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्ले सापडली तर ती रानसशाची नव्हेत. ती बहुधा शेतातल्या उंदराची किंवा घुशीची असतात. घराच्या परड्यात, केसांनी मढवलेल्या खळग्यात अशी पिल्ले दिसली, तर कोणाचा तरी पाळलेला विदेशी ससा सुटून तिथे व्यालेला आहे असे समजावे आणि मालक शोधावा. वर सांगितलेले नियम त्या पिल्लांना लागू नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते, आणि डोळे न उघडलेले बछडे पाचटात लोळताना मांजराच्या पिल्लांसारखेच दिसतात. अंगावर ठिपके, जाड पंजे आणि गुरगुर असे काही असेल तर तोड तिथेच थांबवून सगळ्यांनी एकत्र, आवाज करीत फडाबाहेर यावे आणि वनखात्याला कळवावे. तिथे ‘थोडे हलवून ठेवू’ हा विचारही करू नये.

रानातल्या कोणत्याही प्राण्याचा दात किंवा नख लागले असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून आरोग्य केंद्रात दाखवावी. सशाच्या पिल्लाकडून असे क्वचितच होते, पण त्याला सोडवताना कुत्रा चावल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

राहिली आग. तोड संपली की पाचट पेटवतात, उन्हाळ्याच्या तोंडावर बांध पेटवतात, आणि डोंगराला वणवा लागतो तो बऱ्याचदा अशाच बांधावरून. पिल्लू आगीपुढेही जागचे हलत नाही. पाचट कुजवणे किंवा त्याची कुट्टी करणे जमिनीलाही हितकारक आहे, परंतु ज्याला बांध जाळायचाच आहे त्याने निदान त्याच दिवशी, आधी काठीने गवत झोडपत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावे. पिल्लू दिसले तर काडी खिशात ठेवून तो बांध महिनाभर सोडावा. तेवढ्यात पिल्ले आईचे दूध सोडून स्वतः गवत खाऊ लागतात आणि पायात पळण्याएवढा जोर येतो. आणि त्या महिन्यात वस्तीवरचा कुत्रा दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत साखळीला असावा.